उशाखालचं खुरपं

तळ्याकाठच्या त्या कॅम्पाच्या फाटकावर पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भांडी आमची, शिधा तुमचा.' त्याखाली कुणीतरी कोळशानं 'भांडणही तुमचंच' असं लिहून ठेवलं होतं. राखणदार वीरण्णानं ते दोनदा पुसलं, पण कोळसा चुन्यात चांगला मुरला होता. देवणीच्या पुढं, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर राहिली की हा कॅम्प लागतो. मालक तिथल्या खोल्यांना कॉटेज म्हणायचा. कोंडाबाई त्यांना खोपटं म्हणायची, आणि कोंडाबाईचंच खरं होतं. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, आत एक लोखंडी खाट, ओट्यावर गॅसची शेगडी, दोन पातेली, एक तवा, एक उलथनं आणि दाराला अशी कडी की जोरात शिंकलं तरी निघावी.

लोक तिथं सुट्टीला यायचे, कोंबडी शिजवायचे, फोटो काढायचे आणि जायचे. कोंडाबाई सुट्टीला आली नव्हती. ती आपली बाळंतीण लेक लुंबिनी आणि लेकीची तान्ही पोर घेऊन तिथं लपून राहिली होती. नायगावच्या घरी नवरा लिंबाजी एकटाच थांबला होता. रोज सकाळी तो दारात खुर्ची टाकून बसायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं की सगळे घरातच आहेत. त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तो हात मोडला होता जावयानं.

हा जावई, विनोद, लातुरात एका शिकवणीच्या ऑफिसात कामाला होता. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गोड, आल्यागेल्याला वाकून जयभीम. लग्न ठरलं तेव्हा सोयऱ्यांनी कोंडाबाईला सांगितलं होतं की तुझ्या लेकीनं नशीब काढलं. सोन्याची सुरी असली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, हे सांगायला मात्र तेव्हा कुणी आलं नाही. पहिल्या वर्षी लुंबिनीचा पुढचा दात पडला. दवाखान्यात ती म्हणाली, मोरीत पाय घसरला. पुढं पाठीवर इस्त्रीचा तिकोनी डाग उठला. तीच इस्त्री, त्याच शर्टांची. तेव्हाही ती म्हणाली, पाय घसरला, इस्त्रीवर पडले. सातव्या महिन्यात त्यानं पोटात लाथ घातली आणि लिंबाजी तिला उचलून माहेरी घेऊन आला.

पोर झाली, मुलगी. विनोद पेढे घेऊन नायगावला आला आणि बायकोला आत्ताच्या आत्ता पाठवा म्हणू लागला. लिंबाजी दारात आडवा झाला. विनोदनं पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला, नीट ठेवला, सांडू दिला नाही, आणि मग सासऱ्याचा हात धरून उंबऱ्यावर असा आपटला की हाडाचा आवाज शेजारणीनं तिच्या स्वयंपाकघरात ऐकला. पोलीस आले. त्यांनी लुंबिनीला विचारलं. लुंबिनी जमिनीकडं बघत म्हणाली, बाबाचा पाय घसरला. पोलीस निघून गेले, ते काय करणार. त्या दिवशी कोंडाबाईला जावयापेक्षा लेकीचा राग जास्त आला होता. पोरगी डी.एड. शिकलेली, शाळेत वक्तृत्वाची ढाल आणलेली, आणि तिच्या तोंडात आता तेवढं एकच वाक्य उरलं होतं.

वीरण्णा हा लिंबाजीचा एसटी डेपोतला जुना सोबती. त्यानंच कॅम्पातल्या कडेच्या खोलीत माय-लेकींना आणून ठेवलं. त्या निघताना लिंबाजीनं बायकोला दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, लोखंड-बिखंड काही नको. बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवलं की वाईट जवळ येत नाही, ही कोंडाबाईच्या आईची समजूत. लिंबाजी म्हणायचा, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात असलं चालायचं नाही. कोंडाबाई मान डोलवायची, तिनं आयुष्यभर नवऱ्यापुढं मानच डोलवली होती. कॅम्पात पोचल्यावर तिनं पिशवीच्या तळातून आपलं खुरपं काढलं आणि बाळाच्या उशाखाली सरकवलं. प्रतिज्ञा तिनंही मनापासून घेतल्या होत्या. पण लोखंडाला कुठं धर्म असतो, असं तिचं मत होतं.

चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात निंदून त्या खुरप्याचं पातं झिजून चंद्राच्या कोरीसारखं झालं होतं. लुंबिनीनं ते हातात घेऊन पाहिलं. लहानपणी सुट्टीत ती आईबरोबर निंदायला जायची, तेव्हा खुरपं पुढं ढकलायची आणि बोटं कापून घ्यायची. कोंडाबाई तिला शिकवायची, खुरपं ढकलत नसतात, आपल्याकडं ओढतात. ते आठवून लुंबिनी जरा हसली. पडलेल्या दाताची जागा दिसली, तसं तिनं लगेच ओठ मिटले.

लिंबाजीनं बजावलेली दुसरी गोष्ट बारशाची. पोरीचं नाव त्यानं उत्पला असं निवडून दिलं होतं. म्हणाला होता, कानात नाव सांगा आणि गप्प बसा, गाजावाजा नको. इथंच कोंडाबाई चुकली. बरं, चुकली तरी कशात? तिनं पाळणा आणला नाही, बायका बोलावल्या नाहीत. पण बारसं म्हटल्यावर घुगऱ्या नकोत? ज्या पोरीच्या बारशाच्या घुगऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत, तिला उद्या 'तू एवढी होतीस तेव्हापासून तुला ओळखतो' असं म्हणणारं जगात कोण राहणार? कोंडाबाईला हे सोसलं नाही. रविवारी सकाळी तिनं कॅम्पाच्या मोठ्या पातेल्यात हरभरे उकडले, मीठ-मिरची-खोबरं घातलं, लेकीच्या तोंडून पोरीच्या कानात नाव सांगवलं आणि द्रोण भरले.

वीरण्णाची बायको रत्नम्मा द्रोण घेऊन पोरीची दृष्ट काढून गेली. उरलेल्या घुगऱ्या कोंडाबाईनं शेजारच्या खोल्यांत नेऊन दिल्या. चार अनोळखी माणसं, संध्याकाळी आपापल्या गावी जाणारी, त्यांनी काय बिघडणार होतं. त्यातला एक शेषेराव नावाचा माणूस लातूरच्या दालमिलमध्ये मुकादम होता, बायको-पोरांना घेऊन आला होता. माणूस देवासारखा. घुगऱ्या खाऊन तो बाळाला बघायला आला, दारातच लुंबिनीला पाहिलं आणि आनंदला, कारण तो विनोदच्याच गल्लीत राहायचा. अरे, ही तर आपल्या विनोदची घरवाली, असं म्हणत त्यानं पोरीच्या मुठीत नोट ठेवली. मग तळ्याच्या काठावर जाऊन, जिथं रेंज येते तिथं उभं राहून, त्यानं विनोदला फोन लावला. अभिनंदन केलं, नाव लई छान ठेवलं म्हणाला, घुगऱ्या एकदम फक्कड झाल्या होत्या हेही सांगितलं. वाईट करायला वाईट माणूस लागतोच असं नाही.

आता विनोदला पत्ता लागला, हे लुंबिनीनं ओळखलं. ती रात्रभर खाटेवर बसून होती. कोंडाबाईला तिनं दोष दिला नाही, आणि तेच कोंडाबाईला जास्त लागलं. सकाळी वीरण्णाला सांगून जीप बघायची आणि उदगीरला कुणाकडं तरी जायचं असं ठरलं. वीरण्णा जीप आणायला देवणीला गेला. सोमवार असल्यामुळं कॅम्प ओस पडला होता. रत्नम्मा तळ्याच्या घाटावर चादरी धूत होती. जायच्या आधी पोरीला न्हाऊ घालावं म्हणून कोंडाबाईनं पातेल्यात पाणी ठेवलं. त्याला कढ आला आणि बाहेर गाडी थांबली.

वीरण्णाची जीप आली असं वाटून तिनं खिडकीतून पाहिलं. पांढरी बोलेरो होती. विनोद उतरला, आणि दुसऱ्या बाजूनं त्याचा थोरला भाऊ नागसेन, दंडानं बैलासारखा. विनोदनं उतरल्यावर शर्ट आत खोचला आणि केसांवरून हात फिरवला.

कोंडाबाईनं कडी लावून पाठ दाराला टेकवली. नागसेनच्या पहिल्याच लाथेत कडी उडून ओट्यावर पडली आणि दाराच्या फळीसकट कोंडाबाई खाटेच्या पायावर आदळली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्याच आंधळ्या डोळ्यानं तिनं शेगडीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि पुढं जो दिसला त्याच्यावर उपडं केलं. तिच्या तळहाताची कातडी पातेल्याला चिकटून राहिली. पण नागसेन खांद्यापासून कोपरापर्यंत भाजला आणि असा ओरडला की तळ्यावरचे बगळे उडाले. पाणी, पाणी करत तो बाहेरच्या नळाकडं पळाला.

विनोदला एक थेंबही लागला नव्हता. त्यानं आत येऊन सासूला लाथ घातली. मग आणखी एक, बरगडीत. तोंडानं एक शिवी नाही. लाथ मारतानाही तो सासूला मामीच म्हणत होता.

"मामी, आम्हाला लांब पळवलं तुम्ही," तो म्हणाला. "आता बघा, मी हिला हातसुद्धा लावत न्हाई. देवणीच्या बाजारात गाय कशी नेतात ठावं हाय ना तुम्हाला? गाईला कशाला ओढायचं. वासरू उचलायचं, पुढं चालायचं."

कोंडाबाईला ठाऊक होतं. तिचं माहेर देवणीकडचंच. तिच्या बापानं विकलेल्या गाई अशाच गेल्या होत्या. घेणारा वासराला खांद्यावर टाकायचा आणि दाव्याला न बांधता गाय हंबरत मागोमाग जायची, पार दुसऱ्या गावापर्यंत. तिनं विनोदचा पाय धरायला हात पुढं केला, तर भाजलेला तळहात जमिनीला चिकटला आणि तिची शुद्ध जरा हरपली.

शुद्धीवर आली तेव्हा विनोदच्या हातात पोर होती. एका हातानं त्यानं तिला बाजारातल्या भोपळ्यासारखं छातीशी धरलं होतं. पोर टाहो फोडत होती. लुंबिनी खाटेजवळ भिंतीला टेकून उभी होती. ओठ फुटलेला. हात लावत नाही म्हणणाऱ्यानं हात लावला होता. तो दारातून बाहेर पडला, मागं वळूनही पाहिलं नाही, इतकी त्याला खात्री.

आणि लुंबिनी निघाली. "येते," ती म्हणाली. "येते मी. पोरीचं दुपटं राहिलं." तिनं खाटेवर वाकून उशाजवळचं दुपटं उचललं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि आईला ओलांडून नवऱ्याच्या मागं चालू लागली.

कोंडाबाईच्या बरगड्या मोडल्या होत्या, तळहात सोलला होता, पण त्या घडीला जे दुखलं तसं काही दुखलं नव्हतं. गेली पोरगी. आता लातुरात एक दिवस असा पाय घसरेल की पुन्हा उठायची नाही, आणि घुगऱ्या आपणच वाटल्या. तिला स्वतःची जीभ उपटून फेकावीशी वाटली. मग तिला खुरपं आठवलं. लेक येवो न येवो, त्या माणसाला जिवंत जाऊ द्यायचं नाही असं ठरवून ती खाटेला धरून गुडघ्यांवर उठली आणि तिनं उशाखाली हात घातला.

उशाखाली काही नव्हतं.

तिनं उशी फेकली, गोधडी ओढली, खाटेखाली पाहिलं. मग ती आहे तिथंच बसली. दुपट्याची ती घडी लेकीनं दोन हातांनी धरली होती. एवढुशा कापडाला दोन हात कशाला लागतात? कोंडाबाई रांगत दाराकडं गेली.

बाहेर विनोद गाडीत पुढच्या जागेवर बसला होता. दार उघडं होतं, एक पाय बाहेर लोंबत होता. पोर त्याला आवरत नव्हती. नागसेन नळाखाली दंड धरून विव्हळत होता, आणि विनोद त्याच्याकडं बघून हसत होता.

"म्हणलो नव्हतो?" तो म्हणाला. "दाव्याची गरज न्हाई."

लुंबिनी गाडीजवळ पोचली. आवाज अगदी नेहमीचा ठेवून म्हणाली, पोर भुकेजली आहे, द्या इकडं. विनोदनं पोर तिच्याकडं दिली. त्याला तरी रडतं पोर कुठं हवं होतं. तिनं डाव्या हातावर पोरीला नीट घेतलं, मानेखाली कोपर दिलं, तोंड पदरात झाकलं. विनोदनं तिला वर ओढून घ्यायला उजवा हात पुढं केला. इस्त्री धरणारा, दात पाडणारा तोच हात.

लुंबिनीनं दुपटं सोडलं आणि खुरपं त्याच्या मनगटावर ठेवून आपल्याकडं ओढलं.

आधी काहीच झालं नाही असं वाटलं. विनोद स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. मग मनगटापासून अंगठ्यापर्यंत हात उघडला, आतलं पांढरं दिसलं आणि रक्त गाडीच्या काचेवर उडालं. त्यानं मूठ आवळायला पाहिली. बोटं आवळेनात. तेव्हा तो ओरडला आणि त्यानं लाथ उचलली. लुंबिनीनं दुसऱ्यांदा खुरपं ओढलं, मांडीवरून गुडघ्याकडं. इस्त्रीची पँट फाटली, मांडी फाटली आणि विनोद गाडीतून तोंडावर मातीत पडला. ती त्याच्यावर वाकली. तिसऱ्यांदा तिनं खुरपं त्याच्या मानेवर ठेवलं.

पोर पदराखाली रडत होती. खुरप्याखाली विनोदच्या मानेवर रक्ताची एक बारीक रेघ उमटली होती. तो मातीत तोंड घालून, सोड, सोड, असं म्हणत होता. कोंडाबाईला वाटलं, ओढ. मग वाटलं, नको, पोरी, नको. दोन्ही एकदम वाटलं.

नागसेन नळाकडून धावला. त्याच्या हातात दगड होता. पण घाटावरून रत्नम्मा आली होती, ओल्या लुगड्याचा काचा मारलेला, हातात चादरी बडवायचं धोपाटणं. तिनं कानडीत काय म्हटलं ते कुणाला कळलं नाही, धोपाटणं मात्र कळलं. भाजलेल्या दंडावरच ते बसलं. दगड नागसेनच्या स्वतःच्या पायावर पडला आणि तो मटकन खाली बसला. लुंबिनीनं विनोदच्या मानेवरचं खुरपं उचललं आणि ती मागं सरकली.

थोड्या वेळानं वीरण्णा जीप घेऊन आला. फाटकातूनच त्यानं सगळं पाहिलं, जीप आडवी लावून बोलेरोची वाट अडवली आणि पोलिसांना फोन केला. मग त्यानंच विनोदचा हात आणि मांडी फडक्यांनी घट्ट बांधली, नाहीतर तो तिथंच संपला असता. कोंडाबाईनं लेकीच्या हातातून खुरपं घेतलं, नळावर धुतलं आणि सवयीनं नेऊन पुन्हा उशाखाली ठेवलं.

जमादार आले, बरोबर एक बाई पोलीस. विनोद चिंचेखाली टेकून बसला होता, तोंड राखेसारखं. जमादारांनी त्याला विचारलं, हे कुणी केलं. विनोदनं भावाकडं पाहिलं, रत्नम्माकडं पाहिलं, वीरण्णाकडं पाहिलं. बायकोनं कापलं असं लातुरात कुणाला सांगायचं? ऑफिसात? गल्लीत?

"पाय घसरला, साहेब," तो म्हणाला. "पत्र्यावर पडलो."

नागसेननंही मान हलवली. त्याच्या अंगावर म्हणे चहाचं पाणी सांडलं होतं.

कोंडाबाईचा जीव भांड्यात पडला. सुटली पोरगी. मेल्याला लाज तरी आडवी आली. असं काही घडलंच नाही, सगळे आपापल्या घरी, इतकं सोपं. ती पायरीवर बसल्या बसल्या बाई पोलिसापुढं सोललेले हात जोडणार, एवढ्यात लुंबिनी पोरीला खांद्यावर घेऊन पुढं आली.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "पाय घसरायचा तो माझा. लग्न झाल्यापासून माझाच घसरायचा. ह्यांचा न्हाई घसरला. ह्यांना मी मारलंय."

जमादारांनी वही काढली. कोंडाबाईला क्षणभर लेकीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हातातोंडाशी आलेली सुटका कुणी अशी लाथाडतं का? ती धडपडत उठली, मी मारलं म्हणू लागली, म्हातारी आहे, मलाच न्या म्हणू लागली. लुंबिनीनं तिचा हात मनगटाजवळ धरला, जिथं भाजलं नव्हतं तिथं.

"माय, तू गप," ती म्हणाली. "ह्यांचा पाय घसरला असं ठरलं, तर माझा बी घसरलाच ठरतो." आणि मग जमादारांकडं वळून तिनं ओठ उघडे ठेवून, पडलेल्या दाताची जागा सगळ्यांना दिसेल अशी, सांगायला सुरुवात केली. दातापासून. मग इस्त्री. मग पोटातली लाथ, बापाचा हात, आजचा दिवस. वक्तृत्वाची ढाल आणली होती तेव्हाचा आवाज होता तो. विनोद मधेच काही बोलायला गेला तर बाई पोलिसानं त्याला नुसतं बोटानं गप्प केलं.

सांगून झाल्यावर जमादारांनी हत्यार मागितलं. लुंबिनीलाही गाडीत बसावं लागेल म्हणाले, आणि पोर अंगावरची, म्हणून तीही बरोबर. पुढं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही, असंही म्हणाले. लुंबिनीनं मान हलवली. तिला ते आधीच ठाऊक होतं.

कोंडाबाई खोलीत गेली. उशाखालून खुरपं काढलं, बाळाच्या उशाकडं पाहिलं, आणि तिच्यानं तशी रिकामी उशी सोडवेना. ओट्यावर कॅम्पाचं लोखंडी उलथनं पडलं होतं. तिनं ते फडक्यात गुंडाळलं. बाहेर येऊन खुरपं जमादारांना दिलं आणि गाडीत बसलेल्या लेकीच्या मांडीवर, पोरीच्या डोक्याखालच्या घडीत, उलथनं सरकवलं. भांडी कॅम्पाची होती. तिनं वळून रत्नम्माकडं पाहिलं.

"राहू दे, अव्वा," रत्नम्मा म्हणाली. "घेऊन जा."